टाकी

भांडी बाजारात मी बावीस वर्षं नावं टाकली.
तांब्या, परात, घंगाळ, पिंप.
गिऱ्हाईक उठायच्या आत दुकानदाराची हाक यायची,
"रंगनाथ, नाव टाकून दे."
हातोडी, टाकी, टिंबाला टिंब.
लोक ताज्या अक्षरांवरून बोट फिरवायचे,
तेव्हा कुठे ते भांडं त्यांचं व्हायचं.

मग यंत्र आलं.

आता गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
मी वेगळ्या टाकीपाशी असतो.
हिच्या पोटात उणे एकशे शहाण्णव.
मंगळवारी, शुक्रवारी नायट्रोजन ओतायचा,
पट्टी बुडवायची, तिच्यावर जिथवर हिव धरेल
तेवढा आकडा वहीत.
आत बारीक नळ्या. नळीवर नंबर.
खरे चिरंजीव ते,
वर्षाचे पैसे भरले जाईपर्यंत.

क्लिनिक नवं होतं तेव्हा
चांदवडकर बाईंनी मला आत बोलावलं होतं.
रात्रभर घरी गेल्या नव्हत्या, केसात पेन खोचलेलं.
"काका, बघा, झालं!"
भिंगाखाली आठ थेंब एकमेकांना टेकलेले,
द्राक्षाचा घड फुटताना दिसतो तसे.
बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या.
मला पेढा दिला. अर्धा त्यांनीच खाल्ला.

परवा त्यांनी यादी दिली. अकरा नंबर.
कुणाचा फोन लागत नाही, कुणाचा घटस्फोट,
एक जोडपं कॅनडाला,
एकीला आपसूकच दिवस गेले, तिला आता आठवतही नाही.
"काढून ठेवा टेबलावर."
सही केली, पर्स घेतली,
आणि भिंगाकडे न बघता जिना उतरल्या.

जीव होता का? मला विचारू नका.
रामकुंडावर हाडं सोडतात
तिथे निदान गुरुजी विचारतात, नाव काय, गोत्र काय.
इथे हिव वितळलं. मी पुसलं.
फडकं ओलं झालं.

मी बाईंना नावं ठेवत नाही.
ठेवलीही असती,
पण माझ्या घरात एक तांब्या आहे.

बायकोला आठवा लागला तेव्हा आणला होता.
दुकान मिटल्यावर, एका बल्बखाली, हौसेनं कोरलं:
चि.
पुढे चार बोटं जागा सोडली.
मग तो आला. ओठ नाकापर्यंत फाटलेला,
पाजलेलं दूध नाकातून बाहेर.
मी एकदा बघितलं
आणि चपला घातल्या.
पहाटेपर्यंत होळकर पुलावर, खाली पाण्याचा वास.

देवळालीला आजोळी वाढला.
ओठ मामानं शिवून आणला.
हेमराज हे नावही तिकडचंच.
ज्याचं बापानं नाव ठेवलं नाही
त्याला सगळ्या शाळेनं नावं ठेवली.

आता सातपूरला लेथवर असतो.
मला "अहो" म्हणतो.
भांडत नाही; भांडला असता तर मी काहीतरी बोललो असतो.
एकदाच, चहाची बशी खाली ठेवत म्हणाला,
"बनवताना कोणी विचारत नाही, ते ठीक.
पण बघायला थांबायचं होतं."

अकरा नळ्या काढल्या त्या रात्री
घरी येऊन जुनी टाकी शोधली.
तांब्या मांडीवर घेतला, चिंच लावून घासला.
सगळा उजळला, "चि." पुढची जागासुद्धा.
चारच अक्षरं. सोपी.
पण छत्तीस वर्षांच्या माणसाचं नाव
बाळाच्या तांब्यावर
कोणत्या तोंडानं टाकायचं?

टाकी हातात धरून बसलो. मग ठेवली.
त्याला फोन केला, म्हटलं, रविवारी ये.
येतो म्हणाला नाही.
नाही म्हणाला नाही.
मागे लेथ चालू होतं, तो आवाज बराच वेळ ऐकत राहिलो.

तांब्या खिडकीत आहे.
मंगळवारी पुन्हा नायट्रोजन.