एकच व्यक्ती असल्याबाबत

आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात
त्यांच्या आईचं नाव तुळसा.
कोतवाल बुकात तुळशी निनावे, मयत,
ताप, सन अठरा.
मिलच्या मस्टरवर तुळसाबाई,
बिल्ला नंबर चारशे सतरा,
हजर.
सन अठराच्या पुढे तेवीस वर्षं
हजर.

म्हणजे मेलेली बाई भोंग्याला उठून
तांडापेठेतून पायी कामावर जात होती,
आणि मधेच एकदा, सन बावीसमध्ये,
तिला माझे आजोबा झाले.

वकील हसले. सिव्हिल लाइन्समध्ये कडुनिंबाखाली
त्यांचं टेबल, टेबलावर ओला रुमाल, मे महिना.
"कारकुनाची चूक, मॅडम.
तेव्हाचे मुन्शी हिंदीवाले, ऐकतील तसं लिहायचे.
तीन नावं, एक बाई. प्रतिज्ञापत्र करून टाकू."

मी चाळीस वर्षं पोस्टात काढली.
चुकीच्या पत्त्याची पत्रं
बरोबर दारात कशी जातात, मला माहीत आहे.
ही चूक तशी दिसत नव्हती.

झेरॉक्स खिडकीच्या उजेडात धरली.
सोळा सालचा अंगठा: रेषा डावीकडे वळलेल्या,
पाण्यात भोवरा पडावा तशा.
वीस सालचा अंगठा: बुटका, रुंद,
आणि मधोमध आडवी चीर,
सुतानं कापलेली.
नाव तेच. बिल्ला तोच.
मुन्शीनं पाहिलं नसेल?
पाहिलं असेल. त्याला चारशे सतरा हवी होती,
ती आली होती.

बकारामकाका एक्याण्णव वर्षांचे.
कुलरसमोर बनियनवर बसले होते.
"हाव, दोघी होत्या ना.
पयली मानमोडीत गेली.
दुसरी उमरेडकडची आनली.
बिल्ला घरीच होता, तिले देल्ला.
नोकरी बिल्ल्याची होती बाई, मानसाची थोडीच."
"आणि तिचं माहेरचं नाव?"
काका बराच वेळ कुलरच्या पात्यांकडे पाहत राहिले.
"तुळसाच म्हनो आमी."
मग, मी उठताना,
"तिलेच पुसलं होतं मी एकडाव.
म्हने, राहू दे, त्या नावानं
हाक मारनारं कोनी उरलं नाई."

गळ्यात सवतीचा चांदीचा टाक,
पदराला सवतीचा बिल्ला,
सवतीच्या नावानं पगार,
त्या पगारातून सन तीसमध्ये घेतलेली जागा,
पट्ट्यावर तुळसाबाई.
त्या जागेवर आम्ही अकरा वारस.

"दोघी म्हणालात," वकील म्हणाले,
"तर दुसरी कोण, तिचा पुरावा आणा.
नाहीतर बसा दहा वर्षं."
त्यांचं काही चुकत नव्हतं.
तिचा पुरावा म्हणजे आम्हीच,
पण आमच्यावर कुठे शिक्का आहे?

आडनाव निनावे.
शाळेत मुलं हसायची, मीही हसायचे.

टायपिस्टनं वाचून दाखवलं:
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
याबाबत मला संपूर्ण माहिती आहे.
मी सही केली.
तो सहीकडे बघून थबकला.
"दाखल्यावर कुमुद निनावे, आधारवर शोभा धकाते.
तुमचंही एक करावं लागते मॅडम.
आणखी एक स्टॅम्प पेपर आणा."
रांगेत पुन्हा उभी राहिले. पुढच्या बाईच्या हातातही
तसलाच कागद होता.

घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला
वंशावळ काढली, कोणाला दाखवायला नाही.
पणजोबांच्या शेजारी दोन चौकटी.
पहिलीत लिहिलं तुळसा.
दुसरीपाशी पेन धरून बसले.
मुलाचा फोन आला, काम झालं का विचारत होता.
झालं, म्हटलं.

मग झेरॉक्समधून
चीर पडलेला अंगठा कात्रीनं कापला,
त्या चौकटीत चिकटवला,
आणि डिंक वाळेपर्यंत
वरून माझा दाबून धरला.