वर्थ हे क्रियापद नाही

हान्ता म्हणते, इट वर्थ्स फोर हंड्रेड.
मी म्हणते, नाही बाई, इट इज वर्थ.
हा शब्द स्वतःच्या पायांनी चालत नाही,
त्याला इजचा खांदा लागतो.
तिच्या फ्रेंचमध्ये तो धडधाकट क्रियापद आहे,
म्हणून ती चिडते:
मग चारशे डॉलरचा खडा
असल्या पांगळ्याच्या डोक्यावर द्यायचाच कशाला?

धनजी स्ट्रीट, दुसरा मजला.
किरीटभाईंच्या पेढीचे हिशेब लिहून झाले
की सहा ते सात मी इंग्रजी शिकवते.
विद्यार्थिनी एकच, मादागास्करची,
पोटाशी बांधलेल्या पिशवीत नीलम.
खाली अजून रुमालाखाली बोटं दाबून सौदे होतात,
तिथे व्याकरण कुणाला हवंय?
तिला हवंय.

काल आली ती पाय आपटतच.
दोन दिवस तिनं किरीटभाईंना खडे निवडून दिले,
भट्टीत तापवलेले एकीकडे, न तापवलेले एकीकडे,
आणि ते म्हणाले,
मॅडम, युअर हेल्प वॉज इनव्हॅल्युएबल.
तोंडावर? बिनकिमतीची?
तिनं मेहनताना मागितला, जागच्या जागी, रोख.
किरीटभाईंना वाटलं, स्तुती केली की भाव वाढतो.
तेही काही चूक नव्हतं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहिलं
प्राइसलेस. खाली वर्थलेस.
दोघांना शेपूट तेच,
एक गादीवर, एक उकिरड्यावर.
का? ती विचारते.
मला काय माहीत का.
आमच्यात तरी कुठे धड आहे?
अनमोलमध्ये मोल नाही
आणि कवडीमोलमध्ये आहे.
देवाला म्हणे फक्त भाव लागतो,
भुलेश्वरची फुलवालीही तेच म्हणते,
पावशेराचा.

हे तिला सांगितलं नाही. आधीच गोंधळलेली.
आणि हेही नाही, की माझी आई
वाळकेश्वरला तीन घरची मोलकरीण होती.
त्यातल्या एका घरी म्हणायचे,
द्वारकाबाई काय, आमच्या घरातल्याच,
आणि दिवाळी आली की हसायचे,
घरातल्यांना कुणी बोनस देतं का?
इनव्हॅल्युएबल.
आईला अर्थ बरोबर कळला असावा.
पाय आपटणं तेवढं जमलं नाही.

मग वर्थ इट.
हे येतं, ती म्हणते, आमच्यात म्हणतात,
दुखण्याच्या तोलाचं.
मी म्हणते, आमच्यात कष्टाचं चीज होतं.
चीज? दुधाचं?
हसता हसता तिनं पिशवी घट्ट धरली,
त्या हसण्यातही सवय सुटली नाही.

शेवटच्या शनिवारी तिनं फी विचारली.
मी ठरवलीच नव्हती.
कागदाची घडी उलगडून तिनं एक खडा काढला,
फिका, पोटात तडा, तांदळाच्या कणीएवढा,
माझ्या पावतीपुस्तकावर ठेवला
आणि म्हणाली,
इट इज नॉट वर्थ मच.

इजसकट. पहिल्यांदाच.
व्याकरणाला पैकीच्या पैकी.
वाक्य खरं होतं का,
ते मी किरीटभाईंच्या भिंगाखाली नेलं नाही.

घरी सवयीनं वहीत नोंद केली:
हान्ता, सहा आठवडे, जमा, नग एक.
रकमेच्या रकान्याशी पेन अडलं.
आडवी रेघ मारली.
आमच्या धंद्यात तिचा अर्थ काहीच नाही असा होतो,
किंवा अजून ठरायचंय असा.