दोन विटा

रात्री अडीचला ती वर येते,
छातीच्या मधोमध, बोटभर रुंद वाटेनं,
चुलीवरचा तवा कुणी उतरवायला विसरावं तशी.
उशी दुमडतो. डावी कूस, उजवी कूस.
जिभेच्या मुळाशी आंबट, मग कडू,
मागोमाग लसूण,
म्हणजे शेंगाचटणी, म्हणजे साडेअकरा.
हायवेच्या टपरीवर कडक भाकरीचा तुकडा मोडत
मीच म्हणालो होतो, अजून एक चमचा टाक की बे.

त्यावर तीन कटिंग.
पहिला झोप येऊ नये म्हणून,
दुसरा शिवशरण पैसे देत होता म्हणून.
तिसरा कशासाठी, आठवत नाही.

दवाखान्यात मुल्लाबाई केसपेपरवरून मान न उचलता विचारतात,
"येमूल, रात्री जेवतोस किती वाजता?"
"आठ."
"झोपतोस?"
"अकरा."
पेन खाली.
खिडकीबाहेर केगावचं ऊन डांबर मऊ करत बसलेलं.
"आजचा तू नववा. सगळे आठलाच जेवता,
मग टपऱ्या चालतात कुणाच्या जिवावर?"

गोळ्या, सकाळी उपाशीपोटी.
आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली
दोन विटा.

विटा आणल्या बांधकामावरून.
वॉचमननं विचारलं, कशाला रे?
शिवशरण म्हणाला, याला झोपेत घाट चढायचाय.
चढतोय कसला. रोज रात्री थोडा थोडा घसरतो,
सकाळी तळपाय गजांना टेकलेले
आणि चादर फरशीवर.

नानांच्या खिशात सोड्याची पुडी असायची.
लूमच्या खडखडाटात ढेकर कुणाला ऐकू जाते?
पहाटे घरी यायचे, भिंतीला पाठ लावून
बसल्या बसल्या झोपायचे.
आमच्याकडे त्याला आजार म्हणत नसत,
रात्रपाळी म्हणत.

आज आईचा फोन. मान वाकडी करून
खांद्यावर धरला असणार, कारण
पान कापणारी कात्री ऐकू येतेय.
"तिन्नावा रा?"
"तिन्ना."
जेवलो, सांगतो. हेही आठलाच.

मुल्लाबाईंच्या कागदावर
चहा होता, तिखट होतं, जागरण होतं.
जानेवारीपासून पोटात ठेवलेला
चौथ्या पेपरचा निकाल नव्हता.
तो त्यांनी विचारला नाही,
आणि घरी मी अजून

"आवाज असा का येतोय?"
"काही नाही गं. जरा घशाशी आलं."
कात्री थांबते.
"आलेलं परत गिळू नये बाबा,
टाकून द्यावं."

पलीकडे शांत. पंख्याची घरघर तेवढी.
पाण्याची बाटली शोधायला अंधारात वाकतो
तर अंगठा विटेवर आपटतो.
"हॅलो," आई म्हणते.
"आहेस ना?"