मऊ पाणी

आईचा फोन आला रात्री पावणेबाराला.
"झोपली नसलीस तर ऐक, नेरिस,
जिन्यावरच्या कपाटात कुणीतरी टिचक्या मारतंय."

कार्डिफहून ऱ्हॉन्डाच्या खोऱ्यात चढेपर्यंत एक वाजला.
आई बाबांचा डगला घालून स्टुलावर बसलेली,
मांडीवर बॅटरी, समोर बंबाखाली
रविवारी मटण भाजायचा ट्रे.
"दर चाळीस मिनिटांनी भरतो," ती म्हणाली,
तान्ह्या बाळाच्या दुधाची वेळ सांगावी तसं.

बंब तांब्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा,
अंगात लाल जाकीट, गोधडीसारखं जाड,
कंबरेला बाबांचा पट्टा,
कारण मूळचा कधीच तुटला होता.
बुडाच्या सांध्यावर हिरवा डाग.
त्यातून थेंब. मग थेंब.
मग जरा विचार करून, थेंब.

माळ्यावरची टाकी वरून ओततच होती.
तिचा कॉक बाबांनीच फिरवला असेल शेवटचा,
संपाच्याही आधी.
मी जोर लावला. चाक हातात आलं,
दांडा जागच्या जागी.
आईला हसू फुटलं. मग मलाही.
रात्रभर आळीपाळीनं ट्रे उपसला.

सकाळी येतो म्हणालेला गेथिन दुपारी आला.
गुडघ्यावर बसला, डागावर अंगठा फिरवला.
"चुन्याचा कण नाही. डोंगराचं पाणी तुमचं, मऊ.
कडक पाण्याला सगळे शिव्या घालतात,
पण ते निदान आतून थर तरी चढवतं.
मऊ पाणी तांबं खातं, मिसेस प्रॉथरो.
गुपचूप."

आई खिडकीबाहेर बघत होती.
त्रेचाळीस वर्षं ती या घरात
आवाज न चढवता बोलली.
ठीक आहे, ग्लिन. तू म्हणशील तसं, ग्लिन.
त्या मऊपणानं दोघांतलं कोण झिजलं
मला कधी कळलं नाही.

"शेगडी तरी पेटवू का?" मी विचारलं.
"चुकूनही नाही. बॉयलर तिच्या पाठीत आहे.
आत पाणी नसताना विस्तव केलात
तर भिंत रस्त्यात जाऊन पडेल."
मागच्या कोठीत अर्धा टन कोळसा,
खाणीनं विधवेला दिलेला,
आणि आम्ही तिघं कोट घालून चहा पितोय.

गेथिननं रबरी नळी जोडली.
"एकशे सतरा लिटर. परसात सोडतो."
"गरम आहे?"
"कालच्या विस्तवाचं. आहे अजून."
"मग थांब!"
गेथिन दचकला. मी त्याहून जास्त.
आई टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेली
आणि कडी लावली.

चार कप चहा झाला त्याचा.
वरून पाण्याचा आवाज येत राहिला.
मध्येच थांबायचा, आम्ही छताकडे बघायचो,
पुन्हा सुरू.

उरलेलं लीकच्या वाफ्यात गेलं.
गोठलेल्या मातीतून वाफ उठली तशी
शेजारच्या बेव्हनची मांजर
येऊन कडेला बसली, पाय पोटाशी घेऊन.

रिकामा बंब गेथिननं एकट्यानं उचलला.
"भंगारात चाळीस पौंड येतील. देतो."
"साठ," जिन्यावरून आई. केस टॉवेलात गुंडाळलेले,
गाल लाल.
"पन्नास."
"साठ. आणि तो पट्टा काढून दे."

आता स्वयंपाकघरात सुटकेसएवढा पांढरा बॉयलर आहे.
तो पाणी साठवत नाही,
मागितलं की गुरगुरतो आणि तापवून देतो.
दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा
आईनं गेथिनला फोनवर काय सुनावलं
ते मला त्याच्याकडूनच कळलं.
कपाट गार असतं.
टॉवेल मात्र तिथंच, घड्या घालून.

रविवारी ट्रेमध्ये बटाटे होते.
त्याच्या बुडाशी हिरवट कडं,
तारेच्या घासणीनंही न गेलेलं.
"हे विषारी असेल, आई."
"मुकाट्यानं खा," ती म्हणाली,
चांगली मोठ्यानं.