डावीकडे जराशी

कार्डावर दोन आकडे: तेव्हा छपन्न, आता एक्क्याऐंशी.
"सासूनं भरवलं," तिरुवर्क म्हणाली,
आणि पाठीचे मणके चाचपताना माझं बोट
तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा हसलीही.
खिडकीबाहेर गोंदरची गार सकाळ,
कुणीतरी कॉफीचे दाणे भाजत होतं.

सुई लागली. पाय आधी ऊबदार, मग परके.
मग तिनं जांभई दिली.

बाकीच्यांना वाटलं, रात्रभराचं जागरण.
मी पट्टा फुगवला:
वरचं ऐंशी, खालचं दिसेचना.
बाळ, पाणी, ते सगळं भरवलेलं
एका मऊ शिरेवर बसलं होतं
आणि रक्त पायांतच रेंगाळलं होतं.

"कान वाजतायत," ती म्हणाली, "लांब कुठंतरी."
उजव्या कमरेखाली चादरीची घडी सरकवली,
अर्धं इंजेक्शन, मग उरलेलं अर्धं.
ओठांचा रंग परतेपर्यंत
मी गेन्फोबद्दल बोलत राहिलो,
बाळंतिणीला कोण घाटून देणार,
लोणी किती, तिखट किती.
"मधोमध खड्डा हवा," ती पुटपुटली,
"नाहीतर लोणी ओघळतं."

शंभर.
एकशे आठ.

बाळ रडलं. मुलगी.
नर्स तिला घेऊन वजनकाट्याकडे निघाली,
मी म्हटलं, थांब जरा.