बत्तीस सेकंद

शूटिंग संपलं की उर्मास हात वर करतो.
मग कुणी हलायचं नाही.
वायर गुंडाळायची नाही, खुर्ची सरकवायची नाही,
शिंक आली तर गिळायची.
तीस सेकंद तो नुसती खोली रेकॉर्ड करतो.

नवे लोक हसतात. काहीच वाजत नाही,
मग घ्यायचं काय?
एडिटिंगला बसलं की कळतं.
दोन वाक्यांमधली कापलेली जागा
थंड पाणी लागलेल्या दातासारखी ठणकते
आणि तिथं परक्या खोलीचं ठिगळ चालत नाही.

सव्वीस वर्षं मी अशा खोल्या जमवतेय.
विल्यांदीचं चर्च, मेणबत्तीच्या चुरचुरण्यासकट.
बॅले शाळेचा हॉल, मुली घरी गेल्यानंतरचा,
कुणाचं तरी घड्याळ खिडकीत राहिलेलं.
वाद्यवृंदाचं तळघर, डबल बासच्या रिकाम्या पेट्या.
मला स्वतःला काही वाजवता येत नाही.
अकराव्या वर्षी अकॉर्डियनच्या बाई म्हणाल्या,
तू पानं उलट.
तेव्हापासून तेच करतेय, असं आई म्हणते.
अनुदानाच्या अर्जात मी हे लिहीत नाही.

साल्मे रेबासे तार्तूत राहायची,
जिथं रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत,
वाटाणा रस्त्यावर, लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर.
एक्याऐंशी वर्षांची. डावा हात शाबूत,
उजवा मांडीवर ठेवलेला,
बाजूला बसवलेल्या मुलासारखा.
त्याची बोटं ती रोज पियानोवर मांडायची, एकेक करून,
आणि वाजवायची डाव्यानं.
आम्ही एक हिवाळा तिच्याकडे गेलो.
ती आधी शेगडीत लाकूड सरकवायची, मग कॅमेऱ्याला विचारायची,
"जेवलात का?"

पहिल्या दिवशी उर्मासनं हात वर केला.
साल्मे म्हणाली, "किती वेळ?"
तीस सेकंद.
"कुठल्या लयीत?"
उर्मासला उत्तर सुचेना.
तिनं गुडघ्यावर ठोके धरले, सेकंदाला एक,
चार ठोक्यांचं एक घर,
आणि मान हलवली.
"साडेसात घरं होतात.
अर्ध्या घरातून उठून कोण जातं, पोरांनो?
बत्तीस घ्या."

घेतले.
त्यात फ्रिज आहे, मधेच बंद पडणारा.
छपरावर कावळ्यांच्या जातीचं काहीतरी.
शेगडीत लाकूड बसल्याचा आवाज.
आणि हेडफोन लावून ऐकलं तर
अगदी शेवटी, एकतिसाव्यावर,
नाकातून सोडलेला श्वास.
घर पूर्ण झाल्याचा.

फेब्रुवारीत ती गेली.
तिच्या भाचीनं फोनवर आधी पियानोचं विचारलं,
कुणाला हवा असेल का,
जिन्यातून उतरत नाही म्हणून.

वाहिनीला बावन्न मिनिटं हवी होती, नेमकी.
माझी फिल्म दोन सेकंद जास्त भरली.
कुठून तरी काढा, म्हणाले, दोन तर सेकंद आहेत,
ती शांत जागा जरा लांबलीय नाही तरी.
मी हो म्हटलं, कारण हप्ता थकला होता.
रात्रभर ती जागा मागेपुढे केली.
मग जुन्या मैफलीतल्या टाळ्या होत्या, नऊ सेकंद,
एकोणीसशे एकोणसत्तरच्या, उभ्या राहिलेल्या लोकांच्या.
त्यातून काढले.
त्यांना वाईट वाटलं असेल तर माहीत नाही.

परवा वोरूला ऑर्गनच्या कारखान्यात होतो.
शिशाच्या नळ्या, सरस, भुसा,
आणि इल्मार नावाचा कारागीर,
जो दिवसभरात नऊ वाक्यं बोलला.
काम संपलं. उर्मासनं हात वर केला.
तीस झाले. मी घड्याळ बघत होते.
तेवढ्यात बाहेर ट्रक आला, मागे सरकत, पिप पिप करत.
रेकॉर्डिंग वाया गेलं होतं, त्यालाही दिसत होतं.
हात त्यानं तसाच धरून ठेवला.