चावी

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री,
आणि चढावरच्या घरांना आधी नुसती हवा येते.

नायना महापालिकेत चावीवाला होता.
खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी,
खिशात चिठ्ठी: कुठल्या पेठेला किती वाजता.
चिठ्ठी तो फारशी बघायचा नाही.
रस्त्यात उकिडवा बसून
पाइपावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा,
म्हणायचा, ‘दोन आहे. नाही, सव्वादोन.’

मी मोजते सहा.
हिप्परग्याच्या काठाला, पाणी आटत आटत खारट होतं त्या डबक्यातून
बरणीत भरून आणलेलं कांडशेवाळ.
त्याची एकेक पेशी बोटाएवढी लांब,
चादरीच्या सुताएवढी जाड.
तिच्यात काचेची सुई घालते, सुईत तेल.
आतलं पाणी तेलाशी येऊन भिडतं
आणि आकडा सहावर जाऊन थांबतो.
मालट्रकच्या टायरात असतो जवळजवळ तेवढा दाब,
अक्कलकोट रोडच्या उन्हात
टायर तरी कधीमधी फुटतो.

बशीत मीठ टाकलं की आतलं पाणी बाहेर पळतं,
पेशी सैलावते,
मग तासभर, दोन तास
ती बाहेरून पोटॅशियम ओढत राहते,
क्लोराइड ओढत राहते,
पाणी त्यांच्या मागे मागे परत येतं.
किती मीठ टाकलं याचा हिशेब ती विचारत नाही.
सहा झाले की पुरे.

उलट करायचं त्या दिवशी
मी नायनाला प्रयोगशाळेत नेलं.
हविनाळे मॅडमनी स्टूल दिलं. तो बसला नाही,
वाकून एक डोळा नळीला लावून उभा.
आत हिरवे दाणे फिरत होते,
एका कडेनं वर, दुसऱ्या कडेनं खाली,
रात्रपाळी-दिवसपाळी.

मी गोडं पाणी ओतलं.
सहा. सव्वासहा. साडेसहा.
पडद्यात कुठेतरी एक फट उघडली,
कॅल्शियम आत शिरलं,
आणि क्लोराइड निघालं बाहेर लोंढ्यानं,
त्याच्या पाठोपाठ पोटॅशियम,
पडद्यावरची वीज उतरत गेली
उणे एकशेतीस, उणे ऐंशी, उणे

‘थांबलं की गं,’ नायना म्हणाला.
‘सगळंच थांबलं.’
‘थांब जरा.’
त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं.
अकरा मिनिटं तो हलला नाही.
मग एक दाणा सरकला. त्याच्यामागे दुसरा.

‘चावी कोण फिरवतंय?’
‘कुणी नाही. दारालाच कळतं.’
‘कसं कळतं?’
चार वर्षं तेच शोधतेय, मी म्हणाले.
ताणलं जातं म्हणून, की भिंतीवर दाबलं जातं म्हणून,
की तिसरंच काही.

तो बराच वेळ गप्प.
त्या उन्हाळ्याचं मला माहीत होतं:
चढावरच्या लोकांसाठी त्यानं चावी अर्धा आटा जास्त फिरवली,
खाली दासरींच्या दारात पाइप जोडावर फुटला,
तीन महिने सस्पेंड.
अम्मा तेव्हा विड्या वळता वळता
रात्री कंदील लावून बसायची.
‘पाइपाला कळत नाही,’ तो म्हणाला,
‘म्हणून तर माणूस ठेवतात.’

जिना उतरताना मधेच थबकला.
‘आणि ते बाहेर टाकलेलं मीठ?’
‘बशीतच.’
‘म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात.’
बशीत एकच पेशी होती, शेजारी कुणी नव्हतं.
तरी वहीत मी ते लिहून ठेवलं,
प्रश्नचिन्हासकट.

त्या रात्री पाण्याचा दिवस.
घागरी, टोपली, रंगाचा रिकामा डबा, सगळं ओळीत मांडलेलं.
नायना पायरीवर बसून
नळाच्या मानेला तळवा लावून.
‘किती?’ मी विचारलं.
त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले.
‘अजून हवा आहे.’